प्रवेश-नियंत्रण सूचींतील दोषांचे निदान

संगणकांची दोन जाळी जेथे एकमेकांस मिळतात, त्या संधिस्थानी राउटर नावाचे यंत्र असते. येणाऱ्या प्रत्येक पॅकेटास योग्य मार्ग दाखविणे हे त्याचे मुख्य कार्य होय. परंतु मार्ग दाखविणाऱ्यासच अनेकदा पहारेकऱ्याचेही काम करावे लागते. कोणत्या पॅकेटास पुढे जाऊ द्यावयाचे व कोणते तेथेच टाकून द्यावयाचे, याविषयीच्या नियमांची जी क्रमवार यादी राउटरमध्ये नोंदविलेली असते, तीस प्रवेश-नियंत्रण सूची असे म्हणतात. ही सूची चुकली म्हणजे दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. ज्यास जाऊ द्यावयाचे तो अडतो, अथवा ज्यास अडवावयाचे तो निसटून आत येतो. पहिल्याची तक्रार तत्काळ येते. दुसऱ्याची तक्रार करणारा कोणीच नसतो. दोषनिदानाचा विचार करताना हा भेद प्रारंभीच ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

१. सूचीच्या वाचनाचे नियम

सिस्को कंपनीच्या आयओएस या प्रणालीतील सूची उदाहरणादाखल घेतल्यास तीन तत्त्वे दिसून येतात. पहिले असे की, सूची वरून खाली वाचली जाते आणि जो नियम प्रथम लागू पडेल तोच अंतिम ठरतो. त्याखालील नियमांकडे राउटर पाहतही नाही. दुसरे असे की, सूचीच्या शेवटी ‘उर्वरित सर्व नाकारावे’ हा नियम न लिहिताही गृहीत असतो. तिसरे असे की, सूची राउटरच्या विशिष्ट द्वारावर व विशिष्ट दिशेनेच लागू होते. येणाऱ्या दिशेने लावलेली सूची जाणाऱ्या पॅकेटांस स्पर्श करीत नाही.

सूचींचे दोन प्रकार आहेत. साधी सूची (क्रमांक १ ते ९९ व १३०० ते १९९९) केवळ पॅकेट कोठून निघाले एवढेच पाहते. विस्तृत सूची (क्रमांक १०० ते १९९ व २००० ते २६९९) उगमाबरोबरच गंतव्यस्थान, संकेतपद्धती आणि पोर्टचा क्रमांकही पाहते. यास्तव साधी सूची गंतव्यस्थानाजवळ व विस्तृत सूची उगमाजवळ लावावी, असा संकेत आहे. साधी सूची उगमाजवळ लावल्यास त्या संगणकाचे एकाच ठिकाणाशी नव्हे, तर पलीकडील सर्वच ठिकाणांशी दळणवळण तुटते.

२. क्रमाचा दोष

एखाद्या महाविद्यालयाची संगणक-प्रयोगशाळा १९२.१६८.१०.० या जाळ्यात व गुणपत्रिकांचा सर्व्हर १९२.१६८.२०.५ या पत्त्यावर आहे अशी कल्पना करावी. सूचीतील १० क्रमांकाचा नियम प्रयोगशाळेतून सर्व्हरकडे जाणारी सर्व पॅकेटे नाकारतो, तर २० क्रमांकाचा नियम इतर सर्व वाहतुकीस मुभा देतो. पुढे प्रयोगशाळेतील १९२.१६८.१०.२५ या एकाच संगणकावरून परीक्षकास गुण भरावयाचे आहेत, म्हणून व्यवस्थापक तशी परवानगी देणारा नियम सूचीत घालतो. क्रमांक न दिल्यामुळे तो ३० वा होऊन शेवटी बसतो. नियम शब्दशः निर्दोष असूनही परीक्षकाचे काम होत नाही, कारण त्याची पॅकेटे १० व्या नियमापाशीच संपतात.

येथे निदानाचे साधन सूचीपाशीच असते. प्रत्येक नियम किती पॅकेटांस लागू पडला याची गणती राउटर ठेवतो. परीक्षकाने प्रयत्न करताच १० व्या नियमाची संख्या वाढते आणि ३० वा शून्यावरच राहतो. एवढ्याने दोषाचे स्थान कळते. तोच नियम ५ हा क्रमांक देऊन वर घातला की प्रश्न मिटतो. विशेष नियम आधी व सामान्य नियम नंतर, हे यातील मर्म होय.

३. उलट्या मुखवट्याचा दोष

पत्त्यांचा समूह दर्शविण्यासाठी सूचीत जो मुखवटा लिहितात, तो जाळ्याच्या नेहमीच्या मुखवट्याच्या उलट असतो. त्यातील शून्य म्हणजे ‘हा अंश तंतोतंत जुळला पाहिजे’ व एक म्हणजे ‘या अंशाकडे पाहू नये’. म्हणून वरील प्रयोगशाळेसाठी ०.०.०.२५५ असे लिहावे लागते. सवयीने २५५.२५५.२५५.० असे लिहिल्यास अर्थ पूर्णतः पालटतो. पहिले तीन भाग दुर्लक्षिले जातात आणि ज्याचा शेवटचा भाग शून्य आहे असाच पत्ता जुळतो. प्रयोगशाळेतील एकही संगणक त्यात बसत नाही. राउटर मात्र हा नियम मुकाट्याने स्वीकारतो. त्याच्या दृष्टीने त्यात व्याकरणाची चूक नसते.

४. विस्मरणाचे दोष

सर्वांत फसवे दोष लिहिलेल्या नियमांत नसून न लिहिलेल्या नियमांत असतात. नामनिर्देश सेवेच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टास परवानगी देण्याचे राहिले, तर संकेतस्थळ अंकी पत्त्याने उघडते, पण नावाने उघडत नाही. परतीच्या वाहतुकीचे स्मरण राहिले नाही, तर प्रश्न बाहेर जातो व उत्तर दारात अडते. टीसीपी संकेतपद्धतीत ‘प्रस्थापित’ संभाषणास मुभा देणारा शब्द उपलब्ध आहे. परंतु तो केवळ पॅकेटावरील विशिष्ट खुणा तपासतो, संभाषण खरोखर झाले होते की नाही हे नव्हे. यूडीपी पद्धतीस तर तो लागूच होत नाही.

राउटर आपसांत मार्गांची माहिती ज्या संदेशांनी देतात, तेही येणाऱ्या सूचीतून जातात. ओएसपीएफ पद्धतीचे संदेश अडले, तर नेहमीच्या मांडणीत सुमारे ४० सेकंदांपर्यंत काहीच बिघडलेले दिसत नाही. त्यानंतर शेजारी राउटर मृत समजला जाऊन मार्ग नाहीसे होतात आणि शोध भलत्याच दिशेने सुरू होतो. ३० ऑगस्ट २०२० रोजी सेंच्युरीलिंक कंपनीच्या जाळ्यात जो मोठा खंड पडला, तो याच जातीचा होता. राउटरांना आपोआप वाटल्या गेलेल्या एका गाळणी-नियमामुळे त्यांचे बीजीपी संबंध नीट प्रस्थापित होईनात, आणि तो नियम वाटला जात होता तोही बीजीपीच्याच द्वारे.

आयसीएमपी संदेश सरसकट बंद करण्याची प्रथाही अशीच घातक आहे. पॅकेट मार्गाच्या मानाने मोठे झाल्यास तसे कळविणारा संदेश (प्रकार ३, उपप्रकार ४) उगमाकडे परत जावा लागतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या १९११ नव्हे, ११९१ क्रमांकाच्या आरएफसी लेखात ही व्यवस्था वर्णिलेली आहे. हा संदेश अडला की लहान पॅकेटे जातात, संबंध जुळतो, पण मोठी फाइल पाठविताच सर्व काही स्तब्ध होते.

५. निदानाची पद्धती

प्रथम सूचीच दोषी आहे काय, याचा निर्णय करावा. त्यासाठी मार्ग अस्तित्वात आहे हे आधी तपासावे. मग सूची कोणत्या द्वारावर व कोणत्या दिशेने लावली आहे हे पाहावे. त्यानंतर नियमांची गणती शून्य करून, ज्या संगणकास अडचण आहे त्याच संगणकावरून पुन्हा प्रयत्न करवावा. राउटरवरूनच पिंग करून पाहणे भ्रामक ठरते, कारण जाणाऱ्या दिशेची सूची राउटरने स्वतः निर्माण केलेल्या पॅकेटांस लागत नाही. तसेच काही यंत्रांत पॅकेटांचा निवाडा विशेष विद्युत्-मंडलांत होत असल्याने ही गणती अपुरी असू शकते.

गृहीत असलेल्या शेवटच्या नियमाची गणती दिसत नाही. म्हणून तोच नियम नोंद ठेवण्याच्या आज्ञेसह स्पष्ट शब्दांत लिहिणे उपयुक्त ठरते. तथापि आयपीच्या सहाव्या आवृत्तीत हाच उपाय नवा दोष उत्पन्न करतो. तेथे शेजारशोधाच्या संदेशांस जी अलिखित मुभा असते, ती या स्पष्ट नकारामुळे रद्द होते. यास्तव त्या संदेशांस परवानगी देणारे नियम आधी लिहावे लागतात.

दूरस्थ राउटरवर काम करताना आणखी एक सावधगिरी हवी. आयओएसमध्ये द्वारावर लावलेली सूची रिकामी असेतो सर्वांस मुभा असते. परवानगीचा पहिला नियम लिहिताच गृहीत नकार जागा होतो आणि लिहिणाराच बाहेर फेकला जातो. म्हणून सूची पूर्ण लिहून मगच द्वारावर लावावी, आणि दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू होईल अशी आज्ञा आधी देऊन ठेवावी. बदल सफल झाल्यावर ती आज्ञा मागे घेऊन नवी मांडणी जतन करावी. तो फसल्यास यंत्र आपोआप जतन केलेल्या पूर्वस्थितीवर येते.

तक्रारींच्या घाईत ‘सर्वांस सर्वत्र मुभा’ हा नियम वर घालून प्रश्न मिटविण्याचा मोह होतो. दोष त्यात सूचीतच आहे एवढे सिद्ध होते. परंतु त्याचबरोबर भिंतही नाहीशी होते, आणि तात्पुरता म्हणून घातलेला नियम पुढे कोणाच्याही स्मरणात राहत नाही. पहिल्या प्रकारची तक्रार थांबलेली असते, दुसऱ्या प्रकारची कधी येतच नाही. यास्तव प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण व तारीख टिपून ठेवणे हा निदानाचाच एक भाग मानला पाहिजे. सूचीतील कोणता नियम का आहे हे सांगता आले, तरच कोणता नसावा हे सांगता येते.