सचिनमधली भाकरी

"सुट्टीत सचिनला चालले," असं स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आमच्या इतिहासाच्या सरांनी लगेच विचारलं, "तेंडुलकरांच्याकडं मुक्काम का?" सगळे हसले. मीही हसले. पण माझ्या पर्समध्ये त्या वेळी एक घडी घातलेला कागद होता आणि त्या कागदामुळंच मी निघाले होते.

सचिन हे गाव आहे. सुरतेच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर, मुंबईच्या लोहमार्गावर. जीआयडीसीची मोठी वसाहत, कापडाच्या रंगाई-छपाईचे कारखाने, यंत्रमाग, रसायनांचे कारखाने, शिवाय हिऱ्यांचं विशेष आर्थिक क्षेत्र. २०२० मध्ये हा भाग सुरत महापालिकेत आला. आमचे हे तिथं एका प्रोसेस हाउसमध्ये रंग मास्तर आहेत. इकडचं काम सुटलं आणि पन्नाशी जवळ आलेल्या माणसाला परमुलखात जावं लागलं. मी कॉलेजची नोकरी, मुलीचं इंजिनियरिंग आणि सासूबाई यांच्यासह चिकोडीत.

माझं माहेर निपाणीचं, मराठी. सासर अथणीकडचं, कन्नड. घरात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असतात. सासूबाई रोज संध्याकाळी फोनवर लेकाला एकच प्रश्न विचारायच्या, "ऊटा आतेनप्पा?" आणि हे तिकडून म्हणायचे, "आतव्वा." जेवण झालं म्हणायचे, पण काय जेवले ते कधी सांगत नसत.

गणपतीला हे आले तेव्हा पँट कमरेला सैल झालेली. बॅग धुवायला काढताना तो कागद मिळाला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट होता आणि आकडा नको तेवढा वर गेलेला होता. तारीख चार महिन्यांपूर्वीची. मी काही बोलले नाही, फक्त कागद समोर धरला. हे म्हणाले, "अव्वाला सांगू नकोस. गोळी चालू आहे." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी चहा आणि फाफडा, दुपारी कारखान्याजवळचा डबा, रात्री पाळी लांबली तर वडापाव. डब्यातल्या डाळीत गूळ, भाजीत साखर. डॉक्टरांनी वेळेवर घरचं साधं जेवण घ्या म्हणून सांगितलं होतं. पण घर होतं सातशे किलोमीटरवर!

नोकरी सोडून परत यावं, तर मुलीची दोन वर्षांची फी बाकी. मी नोकरी सोडून तिकडं जावं, तर सासूबाईंकडं कोण बघणार? राहता राहिला एकच मार्ग. सचिनमध्ये, परवडेल अशा पैशात, आपल्यासारखं जेवण शोधून काढायचं. मेच्या सुट्टीत मी त्यासाठी मिरजेहून गाडीत बसले.

पाट्यांवरची चव

पहिले आठ दिवस मी पाट्या वाचत हिंडले. हायवेवरच्या काठियावाडी ढाब्यात बाजरीचा रोटलो आणि 'रिंगणनो ओळो' मिळाला. ओळो म्हणजे आपलं वांग्याचं भरीतच. चव उत्तम, पण दोघांचं बिल पाहिल्यावर रोज इथं जेवायचं तर पगार पुरणार नाही हे कळलं. सुरत शहरात 'महाराष्ट्रीयन थाळी' मिळाली. तिथं पुरणपोळी, साबुदाणा वडा, श्रीखंड. म्हणजे साखरेच्या माणसाला जे चालत नाही नेमकं तेच! वर जायला-यायला दीड-दोन तास.

कर्नाटकातले म्हटल्यावर शेजारच्या भल्या गृहस्थांनी आम्हाला हौसेनं डोशाच्या हॉटेलात नेलं. त्यांचा काय दोष? कर्नाटक म्हणजे इडली-डोसा अशीच बाहेर समजूत. उत्तर कर्नाटकातल्या माणसाला जोळद रोट्टी, एण्णेगायी आणि शेंगा चटणी लागते हे बाहेरच्याला कुठून ठाऊक असणार? ह्यांनी मुकाट्यानं डोसा खाल्ला आणि घरी येऊन म्हणाले, "जेवल्यासारखं वाटत नाही."

शेवटी मी मॉलमधून ज्वारीच्या पिठाची पिशवी आणली. वर 'मिलेट' असं झोकात छापलेलं. २०२३ हे भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण गरिबाची भाकरी त्या निमित्तानं गुळगुळीत पिशवीत शिरली आणि महाग झाली. शिवाय ते पीठ किती दिवसांचं कोण जाणे. जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना कडेनं भेगा पडतात. मीही थापलेली मोडली. ह्यांनी तर मी नसताना प्रयोग केल्याचं कबूल केलं. "भाकरी नाही, नकाशा झाला होता," म्हणाले.

गिरणीतली ओळख

तेव्हा मला माझ्या आईचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, नव्या गावात कोण काय खातं हे गिरणीवाल्याला विचारावं. मी बाजारातून चार किलो ज्वारी घेतली, निवडली आणि डबा घेऊन पिठाची गिरणी गाठली. गिरणीवाले काका म्हणाले, "बेन, पहेला आ खानदेशवाळां बेननो डबो, पछी तमारो." दोन्ही डब्यांत ज्वारी, म्हणून दगड झाडावा लागणार नव्हता!

पुढच्या बाईंच्या डब्यात डोकावले तर ज्वारीत काळे उडीद मिसळलेले. मी मराठीत विचारलं, "उडीद कशाला घातलेत?" त्या चमकून वळल्या. "काळण्याची भाकर करतात ना ताई त्याची. तुमनं गाव कोनतं शे?" ती अहिराणी. मी कर्नाटकातली चिकोडी सांगितली. त्यांना ते नाव माहीत नव्हतं, पण "भाकर खाता ना? मग आपलेच," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

सुरतेत खानदेशी माणूस किती आहे याची आपल्याकडं फारशी कल्पना नसते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कुटुंबं उधना-जळगाव लोहमार्गानं पिढ्यान् पिढ्या इथं येत राहिली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत तर रस्त्यावर अहिराणी ऐकू येते. त्याच मार्गावर नवापूरचं स्टेशन आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना या स्टेशनचं कौतुक वाटावं. गाडी काही तिथं थांबून भाषा विचारत नाही.

या मावशींचे यजमान मागावर. त्या स्वतः एका खोलीत चौदा 'मेंबरां'ना जेवू घालतात. दारावर पाटी नाही. पाटीची गरजच नाही, कारण जेवणारे सगळे धुळे-शिरपूरकडचे. दोन वेळचं जेवण महिना साडेतीन हजार.

त्या रात्री आम्ही दोघं जेवायला गेलो. काळण्याची भाकरी, भरलेली वांगी, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. "खाई ल्या भाऊ, लाजू नका," मावशी म्हणाल्या. ह्यांनी पहिला घास घेतला आणि मान खाली घालून खातच राहिले. दोन भाकऱ्या संपल्यावर बाहेर जाऊन फोन लावला. मला आतून ऐकू येत होतं. "अव्वा, रोट्टी तिंदे." कित्येक महिन्यांत आईला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती.

एक धान्य, अनेक नावं

तुम्ही म्हणाल, खानदेशी जेवण म्हणजे काही अथणीचं जेवण नव्हे. अगदी खरं. त्यांचा काळा मसाला आणि वरचा तेलाचा तवंग आपल्या पोटाला जड. शेवभाजी चवीला झकास, पण साखरेच्या माणसानं रोज खावी अशी नाही. मी मावशींशी मोकळेपणानं बोलले. ह्यांच्या भाजीवर तवंग नको, शेव नको, पालेभाजी रोज हवी. त्यांनी ऐकलं. "हॉटेलात सांगून बघा असं," असंही वर म्हणाल्या!

मात्र मूळ धान्य एकच. आपण ज्वारी किंवा जोंधळा म्हणतो, कन्नडमध्ये जोळ, गुजरातीत जुवार. भाकरी म्हणा, रोट्टी म्हणा, रोटलो म्हणा. दक्षिण गुजरातेतही ज्वारी पिकते. थंडीत सुरतेला 'पोंक'चे स्टॉल लागतात, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर पोंक खायला अवघं शहर लोटतं. पोंक म्हणजे दुसरं काही नाही, आपला हुरडा! सासूबाईंच्या भाषेत सीतनी. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच वर्षी जळगावच्या भरताच्या वांग्यालाही. एक भाकरी, दुसरं कोरड्यास. दोघांची गाठ सचिनच्या एका खोलीत पडावी याची मला गंमत वाटली.

सचिनचा इतिहासही असाच स्थलांतराचा आहे. इथले नवाब सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्या घराण्याचे. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या बाळू मियाँ सिद्दीनं १७९१ मध्ये पेशव्यांशी करार केला. जंजिऱ्यावरचा हक्क सोडून त्या बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. जंजिरा मराठ्यांच्या हाती आला नाही तो नाहीच, पण सचिन संस्थान मात्र उभं राहिलं. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आमचा बेळगाव जिल्हा आणि सचिन एकाच मुंबईच्या कारभारात होते. इतिहासाच्या सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तेंडुलकरांचा विनोद मागं घेतला.

जिथं आपली माणसं जेवतात

महिनाभरात एक गोष्ट पक्की समजली. परगावी आपली चव हॉटेलच्या पाटीवर शोधू नये. जिथं आपल्यासारखे कष्टकरी रोज जेवतात तिथं ती असते आणि तिथंच ती परवडते. सुरतेच्या मागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले हजारो कामगार आहेत, त्यांच्या भात-डाळीच्या मेस त्यांच्याच वस्तीत. जगभर हेच. १९७५ नंतर व्हिएतनाममधून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी कॅलिफोर्नियात वस्ती केली, त्या भागाला लोक 'लिटल सायगाव' म्हणतात. त्यांच्या 'फो' नावाच्या शेवयांच्या रश्शाची दुकानं आधी आपल्याच लोकांसाठी निघाली, बाकीचे मागून आले. आणि आपले लोक पुरेसे नसतील, तर आपल्या जेवणाचा चुलतभाऊ शोधावा. आम्हाला तो खानदेशात सापडला.

दुसरी गोष्ट, थोडी शिदोरी घरून हवीच. आपल्याकडची कडक रोट्टी नीट वाळवली, हवाबंद ठेवली तर कित्येक आठवडे टिकते. मी आता ह्यांच्याबरोबर रोट्ट्यांची चळत देते. शिवाय शेंगाची, जवसाची म्हणजे अगसीची, आणि कारळ्याची म्हणजे गुरेळ्ळूची चटणी. रात्रपाळीला वडापावाऐवजी कडक रोट्टी, चटणी आणि दही. मावशींनाही शेंगा चटणीची एक पिशवी जाते. त्यांच्याकडून ज्वारीचे बिबडे येतात.

वाचकहो, भाकरीनं साखर बरी झाली असं मी मुळीच म्हणत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं आहे, ज्वारी आहे म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. गोळी चालू आहे, सकाळचं चालणं चालू आहे, जेवणाची वेळ ठरली आहे. सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत आकडा खाली आला, अजून हवा तितका नाही. पण तो रिपोर्ट ह्यांनी त्याच दिवशी मला आणि मुलीला फोनवर पाठवला. मला त्याचंच अधिक समाधान.

डिसेंबरात हे दोन दिवसांसाठी आले ते पोंकाचा पुडा घेऊन. सासूबाईंनी चिमूटभर तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सीतनी!" मग ह्यांच्याकडं बघून हसल्या. साखरेचं त्यांना आता माहीत आहे, आम्हीच सांगितलं. त्या रडल्या नाहीत, उलट त्यांनी आपला रोजचा प्रश्न बदलला. संध्याकाळी फोन लागला की आता विचारतात, "एष्ट तिंदी?" किती खाल्ल्यास?

तिकडून उत्तर येतं, "एरड." दोन. आणि माझा त्यावर विश्वास बसतो.