जामनदीचा एक दिवस आणि बाकीचे वर्ष

पोळ्याची कर म्हटली की नागपूरकरांना मारबत आठवते आणि पांढुर्ण्याच्या माणसाला गोटमार आठवते. आपल्या इंदुरातील जुन्या मराठी घरांना यांतले दुसरे नाव कदाचित ऐकूनच ठाऊक असेल. पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख मध्यप्रदेशात असला, तरी त्याची बोली आणि सणवार वऱ्हाड-नागपूरच्या वळणाचे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्यप्रदेशातच राहिला आणि त्याच्याबरोबर ही मराठी गावेही राहिली. ऑक्टोबर 2023 पासून या दोन्ही तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे.

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जामनदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात व त्याच्या शेंड्याला निशाण बांधतात. सावरगावकरांनी ते राखायचे आणि पांढुर्णेकरांनी पाण्यात शिरून, झाड तोडून ते हस्तगत करायचे, असा हा सामना. हत्यार एकच, नदीकाठचा गोटा. निशाण अखेरीस चंडीमातेच्या देवळात जाते. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नाही तर दोन्ही बाजूंचे वडीलधारे समजुतीने ते मातेच्या पायाशी नेतात. एका गावचा मुलगा दुसऱ्या गावची मुलगी घेऊन निघाला, नदी ओलांडताना दोहींकडून दगड बरसले आणि ती दोघे प्रवाहातच गेली, अशी या प्रथेमागची आख्यायिका.

भाद्रपदातल्या गढूळ, जोरकस पाण्यात कंबरेइतके उभे राहून कुऱ्हाड चालवायची आणि वरून दगड झेलायचे, याला धाडस लागते हे मान्यच केले पाहिजे. पण दरसाल माणसे शेकड्यांनी जखमी होतात आणि आजवर कित्येकांनी या पात्रात प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते कुणाला रुचले नाहीत. आता पोलीस, डॉक्टर आणि रुग्णवाहिका हेदेखील या जत्रेचे मानकरी झाले आहेत.

मला या सगळ्यात वेगळाच प्रश्न छळतो. नदीतल्या निशाणासाठी डोकी फोडून घेणारी ही दोन गावे, खुद्द नदीसाठी वर्षातून किती दिवस उभी राहतात?

कोलाडजवळ कुंडलिका नदीवर आजकाल रबरी नौकांतून खळाळ उतरण्याचा खेळ चालतो. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी तिथे जातात. टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरातून पुढे आलेले पाणी ठरावीक वेळी सुटते, म्हणून नदीला वेग येतो. पाणी सुटले नाही तर नौका काठावर! त्यामुळे तिथल्या नावाड्याला प्रवाहाची किंमत रोजच्या रोज कळते. गोटमारीचे उलट आहे. तिला पाणी नसले तरी चालते. दगड असले म्हणजे पुरे! नदी आटत गेली तर खेळाचे काहीच बिघडत नाही आणि धोक्याची घंटा वाजत नाही.

पण बाकीच्या सर्वांचे बिघडते. हा संत्र्याचा मुलूख आहे. आंबिया बहाराला हिवाळ्यात झाडांना ताण देतात, मग पाणी सोडून फुलोरा आणतात. आणि ते फळ टिकवायला ऐन उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागते. नदीपात्रातली वाळू ही त्या विहिरींची तिजोरी. पावसाचे पाणी ती पोटात धरून ठेवते आणि हळूहळू झिरपू देते. वाळू उपसली की पाणी धावत निघून जाते आणि मागे उघडा खडक राहतो. जाम पुढे कन्हानला मिळते, कन्हान सौंसरचा मुलूख ओलांडून नागपूर जिल्ह्यात उतरते आणि नागपूर शहराच्या नळांना पाणी पुरवते. म्हणजे वरच्या अंगाला ओतलेली घाण आणि उपसलेली वाळू यांचा हिशेब खाली एका महानगराच्या दारात पोचतो.

आपण इंदूरकरांनी यावर नाक मुरडू नये. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या ज्या कान्ह नदीच्या काठी दिमाखात उभ्या आहेत, त्या नदीचे आपण काय केले? 2016 च्या सिंहस्थात तिचे पाणी उज्जैनच्या घाटांवर क्षिप्रेत मिसळू नये म्हणून नळ घालून दुसरीकडे वळवावे लागले. आपल्या शहरातली नदी शेजारच्या तीर्थाला नकोशी व्हावी, ही गोटमारीपेक्षा कमी लाजिरवाणी गोष्ट नव्हे. तिथे निदान दगड मारणारा समोर दिसतो.

गोटमार कायद्याने एका दिवसात थांबेल असे मला वाटत नाही. चेंडूंचे काय झाले ते आपण पाहिलेच. परंतु जिद्दीला दुसरे काम देता येते. एका दिवसासाठी एवढे दगड वेचून आणणारे हात त्याच दगडांचे बंधारे ओढ्यानाल्यांवर रचू शकतील. दरवर्षी एक पळस तोडून पात्रात रोवतात. त्याच्या बदल्यात दोन्ही काठांवर पळसांच्या रांगा लावल्या, तर मुळे काठाची माती धरतील आणि फाल्गुनात दोन्ही गावे एकाच रंगाने पेटतील. पैज लावायचीच असेल तर कुणाचा काठ स्वच्छ याची लावावी, आणि निशाणाचा मान त्यालाच द्यावा. चंडीमातेला निशाण हवे आहे. ते रक्ताने भिजलेले असावे असा तिचा हट्ट कुणी ऐकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गोटा गुळगुळीत व्हायला नदीला शतके लागतात. तो कपाळावर फेकायला क्षण पुरतो, आणि बांधाला लावायलाही फार वेळ लागत नाही.