‘आवश्यक वाटल्यास’ कोणाला?

धोकादायक माणसाकडील बंदूक गुन्ह्याआधीच काढून घ्यावी का, हा वाद अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या १९९९ च्या कायद्यापासून गाजतो आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७ ने सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना रद्द करण्याचा अधिकार दिलेलाच आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम त्याही पुढे जातात. नियम ३ सांगतो: अत्याचाराची भीती असलेले क्षेत्र शासनाने निश्चित करावे, आवश्यक वाटल्यास तेथील अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे परवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करावीत आणि आवश्यक वाटल्यास आपल्या लोकांना परवाने द्यावेत.

सारी मेख या ‘आवश्यक वाटल्यास’मध्ये आहे.

२००७ साली सातारा जिल्ह्यातील कुळकजाईत विहिरीच्या वादातून दलित शेतकऱ्याचा खून झाला. २०१० साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. हत्यार कोणतेही असो, खुनानंतरच्या न्यायावर विसंबता येत नाही, हाच त्याचा धडा.

शिक्षेविना शस्त्र काढणे अन्याय आहे, असा आक्षेप येतो. पण कलम १७ प्रमाणे कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर कलम १८ खाली अपील आहे. परवाना गेलेला माणूस अपिलात जाऊ शकतो. जीव गेलेला नाही.

सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांनो, जिल्हा दक्षता समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी विचारा: नियम ३ खाली आजवर किती परवाने रद्द केले?