वस्तीवरची शस्त्रक्रिया

आरोग्य म्हटले की दवाखाना, गोळ्या आणि फार तर लसीकरण एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. घर कसे आहे, गल्ली किती रुंद आहे, शेजारची इमारत किती उंच आहे हे विषय आपण इंजिनिअर, बिल्डर आणि नगरसेवक यांच्यावर सोपवून मोकळे होतो. अलीकडे जिल्ह्याच्या गावांतूनही जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या आहेत, झोपड्यांच्या जागी पक्की घरे देण्याच्या योजना आल्या आहेत. ‘पुनर्विकास’ हा शब्द आता भाजीबाजारातही कानावर पडतो. रक्तदाब मोजून होईपर्यंत पेशंट करारनाम्याची हकिगत सांगतात. कार्पेट किती, भाडे किती, पार्किंग मिळणार की नाही, सगळे त्यांना तोंडपाठ असते. खिडकी कोणत्या बाजूला उघडणार आणि तिच्यासमोर काय असणार, हे विचारले तर मात्र गप्प होतात. ते कोणी विचारलेलेच नसते. म्हणून आजचा लेख त्या खिडकीबद्दल.

सुरुवात मुंबईपासून करावी लागेल. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांना तापाचे आणि जांघेत गाठी आलेले रोगी सापडू लागले. त्यांनी प्लेगचे निदान केले. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १८९७ चा साथरोग कायदा, हाफकिन यांची लस, पुण्यातली घरझडती आणि रँडचा वध. पण त्याच साथीतून मुंबईत आणखी एक गोष्ट जन्माला आली, तिची आठवण फारशी निघत नाही. १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्तीतली रोगट घरे पाडायची, रुंद रस्ते काढायचे आणि नव्या वसाहती वसवायच्या, हे त्याचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते काढताना पश्चिमेकडचे समुद्राचे वारे वस्तीत शिरावेत हा एक हेतू होता. दादर-माटुंग्याच्या वसाहती याच ट्रस्टच्या.

त्या काळी अनेकांचा समज असा होता की प्लेग कोंदट, दूषित हवेतून आणि घाणीतून उपजतो. तो चुकीचा होता. १८९८ मध्येच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की प्लेग पसरवते ती उंदरावरची पिसू. पुढे मुंबईत परळला झालेल्या संशोधनाने त्याला दुजोरा मिळाला. पिसवेला खिडकी मोठी असली काय आणि लहान असली काय, सारखेच. म्हणजे ट्रस्टने निदान चुकवले. पण उपाय जो शोधला तो एका वेगळ्या रोगाला अगदी चपखल लागू पडणारा होता. तो रोग म्हणजे क्षय, आपला टीबी.

तो उपाय सांगण्याजोगा आहे. ट्रस्टचे अध्यक्ष असलेल्या ऑर साहेबांनी एक साधा नियम आग्रहाने मांडला, साडेत्रेसष्ट अंशांचा. आपल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. भूमिती विसरलेल्यांसाठी सोप्या शब्दांत सांगतो. समोरची इमारत जितकी उंच, तिच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर दोघांमध्ये मोकळे हवे. समोर चाळीस फुटांची भिंत असेल तर मध्ये वीस फूट. एवढे अंतर असले तर तळमजल्यावरच्या खोलीतही आकाशाचा उजेड शिरतो.

ट्रस्टचे सगळेच काही गोड नव्हते. सुरुवातीच्या काळात पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली घरे फारच थोडी होती. घर गेलेला मजूर आपल्या कामापासून लांब जाऊ शकत नाही. तो शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत, आणखी एका कुटुंबाबरोबर राहायला जातो. एका गल्लीतली दाटी काढली आणि ती दुसऱ्या गल्लीत भरली, असा तो प्रकार झाला. एका जागचे गळू दाबून पू आत ढकलावा तसे.

आता क्षयाकडे वळू. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, नुसता मोठ्याने बोलतो, तेव्हा बारीक तुषार उडतात. ते वाळून इतके हलके होतात की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. त्या हवेत श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसात जंतू जातो. सूर्यप्रकाश हा त्या जंतूचा शत्रू, अंधाऱ्या खोलीत मात्र तो बराच काळ टिकून राहतो. वारा खेळता असेल तर जंतू पातळ होऊन बाहेर निघून जातात. हे सगळे वैद्यकशास्त्राने पक्के केलेले आहे. तरीही आपल्याकडे घरात क्षयाचा रोगी निघाला की पहिले काम काय होते? त्याचे ताट-वाटी वेगळी काढतात आणि ‘वारा लागेल’ म्हणून खोलीची खिडकी लावून घेतात. नेमके उलटे! ताट-वाटीतून क्षय पसरत नाही. बंद खिडकीमुळे पसरतो.

खिडकीची ताकद किती, हे पेरू देशातल्या लिमा शहरात मोजले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संशोधकांनी रुग्णालयांच्या खोल्यांतली हवा तासाला किती वेळा बदलते हे पाहिले. खिडक्या-दारे उघडी ठेवलेल्या साध्या खोल्यांत ती सरासरी २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या आधुनिक, महागड्या खोल्यांत १२ वेळा. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती सर्वांत सरस ठरल्या. आपले जुने सरकारी दवाखाने आठवा, ते उंच छत, ती भिंतभर तावदाने. बांधणाऱ्यांना काही तरी कळत होते.

आणि आता पुन्हा मुंबईत येऊ, शंभर वर्षांनंतरच्या. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. झोपडीवाल्याला फुकट घर मिळणार होते, २२५ चौरस फुटांचे. पुढे ते २६९ आणि आता ३०० चौरस फूट झाले. योजनेचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. घरात नळ आला, घरात संडास आला. अंधार पडण्याची वाट पाहत लघवी दाबून बसणाऱ्या बाया किती मूत्रमार्गाच्या विकारांनी गांजलेल्या असतात, हे कोणत्याही डॉक्टरला विचारा. पावसाळ्यात घरात पाणी शिरणे थांबले. हे फायदे लहान नाहीत. पण जागा कमी, घरे जास्त, म्हणून इमारतींमधल्या मोकळ्या जागेच्या नियमात सवलती दिल्या गेल्या. गोवंडी-मानखुर्द परिसरातल्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींत इमारती शेजारी शेजारी इतक्या दाटल्या की मधले अंतर जेमतेम ३ मीटर उरले. ऑर साहेबांच्या नियमाने हिशेब करा. सुमारे वीस मीटर उंचीच्या इमारतींमध्ये दहा मीटर तरी हवेत. मिळाले तीन.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या भागातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला. त्यात या दोन दाट वसाहतींत क्षयरोगी असलेल्या घरांचे प्रमाण तिसऱ्या, मोकळ्या मांडणीच्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळले. खालच्या मजल्यांवर उजेड आणि हवा दोन्ही कमी, आणि रोगही तिथेच जास्त. क्षयाला दाटी, गरिबी, कुपोषण अशी इतरही कारणे असतात हे खरे. पण एकाच इमारतीत राहणाऱ्या, साधारण सारख्याच परिस्थितीतल्या लोकांमध्ये मजल्याप्रमाणे फरक पडत असेल, तर बोट खिडकीकडेच जाते.

शिवाय तिथली खिडकी असून नसल्यासारखी. दोन इमारतींमधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत वरून कचरा पडतो. तो काढायला माणूस सहजी आत शिरत नाही. उंदीर होतात, डास होतात, वास येतो. मग खालच्या मजल्यावरचे कुटुंब खिडकी कायमची बंद करते, तिला प्लॅस्टिक लावते आणि दिवसा दिवा पेटवून बसते. वास्तुविशारदाच्या कागदावर ती खिडकी उघडीच असते.

वस्ती सुधारण्याची दुसरी एक रीत होती, आणि ती सांगणारा माणूस जीवशास्त्राचा होता म्हणून मला तो जवळचा वाटतो. पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचा. १८८६ मध्ये हा प्राध्यापक नवपरिणीत पत्नीला घेऊन एडिंबरोच्या जुन्या भागातल्या गलिच्छ चाळीत राहायला गेला आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंती रंगवणे, अंगण साफ करणे, फुलझाडे लावणे सुरू केले. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि अनेक शहरांचे त्याने अहवाल लिहिले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापकही झाला. इंजिनिअर लोक नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखत आणि मधे येईल ते पाडत. गेडिस गल्लीबोळांतून पायी हिंडे. इथे एक पडके घर काढले की चौक होतो, तिथे एक भिंत मागे घेतली की वारा वाहतो, विहिरीजवळचे झाड राखले की बायकांना टेकायला जागा राहते. आधी निदान, मग लागेल तेवढीच शस्त्रक्रिया, असे त्याचे म्हणणे. बोट सडले म्हणून हात कापू नये, हे आम्ही वैद्यकात शिकतो, तेच तो गावाला लावीत होता. खर्चही कितीतरी कमी येई.

इंदूरला होळकरांच्या दरबाराने त्याला बोलावले. तिथला त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा आहे. शहरात प्लेग होता, आणि हातात नकाशे घेऊन फिरणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाला लोक भिऊन होते. हाच प्लेग आणतो, अशी कुजबुज होती. गेडिसने महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीला मिरवणूक जाहीर केली. कोणत्या मार्गाने? तर ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ होतील, ज्यांची घरे नीट डागडुजी केलेली दिसतील, त्या आळ्यांतून. सगळे शहर झाडू लागले. घराघरांतून कचऱ्याच्या गाड्या भरून निघाल्या. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. आणि त्यांच्या मागून शुभ्र नवे कपडे घातलेले, हारतुरे ल्यालेले सफाई कामगार नव्या झाडूंसह मानाने चालत होते. त्या काळी त्यांना शिवूनही न घेणारे शहर दुतर्फा उभे राहून पाहत होते. नव्या घरांचे नमुने मिरवले, तुळशीची रोपे वाटली, आणि शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले.

आमच्यासारख्या डॉक्टरांनी यातून घ्यायचे ते असे की घर बदलताना माणूस सांगाड्यासह उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. ओट्यावर बसणारी आजी सातव्या मजल्यावर गेली आणि लिफ्ट बंद पडली की ती घराबाहेर पडत नाही. चालणे थांबते, बोलणे थांबते. सहा महिन्यांत गुडघे आखडतात, साखर वाढते, झोप जाते, आणि मग ती माझ्याकडे झोपेची गोळी मागते.

ज्यांच्या वाड्याचा किंवा वस्तीचा करार व्हायचा आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी नकाशा मागून घ्यावा आणि शेजारच्या इमारतीपर्यंतचे अंतर स्वतः वाचावे. ते उंचीच्या निम्मे नसेल तर का नाही, हे विचारावे. कायद्याची सवलत मिळाली असेल, फुप्फुसाला सवलत मिळत नाही. प्रत्येक घराला निदान दोन बाजूंना उघडणारी दारे-खिडक्या आहेत का, ते पाहावे. एकाच भिंतीत दोन खिडक्या असल्याने वारा वाहत नाही. म्हाताऱ्यांना खालचा मजला मिळावा हे बरोबर, पण तो अंधारा नको. लिफ्टच्या देखभालीचा पैसा पुढे कोण भरणार, हे लेखी हवे. बिल्डरची आधीची एखादी इमारत असेल तर तिच्या पहिल्या मजल्यावर दुपारी बारा वाजता जाऊन दिवा न लावता हे वर्तमानपत्र वाचून पाहावे. वाचता आले नाही, तर चटईक्षेत्राच्या चर्चेला अर्थ नाही.

ज्यांचे घर आधीच अंधारे आहे त्यांनी काय करावे? समोरासमोरचे दार आणि खिडकी दिवसातून जमेल तितका वेळ उघडे ठेवावे, डासांसाठी जाळी बसवावी. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा. खिडकीपुढे रचलेल्या गोण्या आणि ट्रंका हलवाव्यात. साठवलेले पाणी झाकावे आणि भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करावीत, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो. इमारतींमधली पट्टी साफ करण्याचे काम सोसायटीने पगारी माणसाकडून, हातमोजे आणि बूट देऊन, ठरलेल्या वारी करून घ्यावे.

आणि घरात कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी कसकस येत असेल, वजन उतरत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपये रोग्याच्या बँक खात्यात जमा होतात. त्यासाठी तपासणीला जाताना आधार कार्ड आणि पासबुक बरोबर न्यावे.