नळाने न आलेला वायू

पावसाने उघडीप दिली, कोळपणी उरकली की हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, कळमनुरी, सेनगावच्या कृषी सेवा केंद्रांपुढे एकच विचारणा सुरू होते: युरियाचा रेल्वे-रेक लागला का? पॉस मशीनवर अंगठा उमटतो, 266 रुपये 50 पैसे दिले जातात आणि 45 किलोची गोणी मोटारसायकलवर आडवी पडते. गोणीवर छापलेले असते, नत्र 46 टक्के. हे नत्र हवेतलेच असते. पण ते बांधून ठेवायला हायड्रोजन लागतो आणि तो नैसर्गिक वायूतून काढावा लागतो. एका गोणीमागे साधारण 25 ते 30 घनमीटर वायू खर्ची पडतो. म्हणूनच परदेशातून समुद्राखालून वायू आणण्याच्या तीन दशकांच्या धडपडीचा मागोवा हिंगोलीसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यातही घेतला पाहिजे.

सुरुवात आपल्याच समुद्रात झाली. 1974 साली ‘सागर सम्राट’ या खोदाई-मंचाने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल शोधले. 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि काही वर्षांतच समुद्रतळावरच्या वाहिन्यांनी तेल व वायू उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागला. त्याच वायूवर 1985 मध्ये अलिबागजवळ थळचा खत कारखाना उभा राहिला. मराठवाड्यात नावाने मागितला जाणारा ‘उज्ज्वला’ युरिया हा तो कारखाना चालवणाऱ्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा. समुद्राखालची वाहिनी शेतापर्यंत कशी पोहोचते, हे महाराष्ट्राने असे फार आधी अनुभवले. मात्र ते पाणी आपल्या हद्दीतले होते आणि खोली 75-80 मीटरची.

घरचा वायू पुरेना, तेव्हा नजर पलीकडच्या किनाऱ्यावर गेली. 1993 साली भारत आणि ओमान यांच्यात समुद्राखालून थेट वाहिनी टाकण्याचा समझोता झाला. लांबी अकराशे-बाराशे किलोमीटर, शेवट गुजरातच्या किनाऱ्यावर. दुसऱ्या कुठल्याही देशाची जमीन वाटेत नाही, हे तिचे मोठे आकर्षण होते. पण अरबी समुद्र त्या मार्गावर साडेतीन किलोमीटरच्या आसपास खोल जातो. तिथे पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे साडेतीनशे पट. त्या दाबाखाली नळ चेपू नये म्हणून पोलादाची जाडी जवळपास चार सेंटिमीटर लागते. एवढा जड नळ जहाजावरून तळापर्यंत तोलून सोडणे त्या काळी कोणालाच जमलेले नव्हते. शिवाय सिंधू नदीने समुद्रात लोटलेला गाळ त्या तळावर दूरवर पसरलेला आहे आणि तो घसरू शकतो. त्यात ओमानकडे इतका वायू आहे का, हाही प्रश्न होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर योजना बासनात गेली. पुढे याच ओमानला कतारकडून वाहिनीने वायू घ्यावा लागला.

वायूचा दुसरा मार्ग जहाजाचा. उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की वायूचा द्रव होतो आणि आकारमान सहाशे पटींनी आक्रसते. गुहागर तालुक्यातला एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प याच आशेवर आखला होता. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याच महिन्यात दाभोळचा पहिला टप्पा सुरू झाला, पण नाफ्त्यावर. वीज महाग पडली, 2001 मध्ये प्रकल्प बंद झाला आणि वर्षअखेर एन्रॉन दिवाळखोरीत गेली. दाभोळच्या वायू टर्मिनलवर जहाज लागायला 2013 उजाडले. गुजरातेत दहेजला मात्र कतारचा द्रवरूप वायू 2004 पासूनच येत होता, तोही दीर्घ मुदतीच्या करारावर.

इराणहून पाकिस्तानमार्गे जमिनीवरची वाहिनी आणण्याचा विचारही याच काळात पुढे सरकला. 2004 नंतर पेट्रोलियममंत्री मणिशंकर अय्यर यांनी त्याला जोर दिला. पण दर, सुरक्षितता आणि आंतरराष्ट्रीय दबाव यांत तो अडकला.

या सगळ्या गदारोळात एक करार शांतपणे फळाला आला. ओमानमध्ये सूर येथे इफ्को आणि कृभको या भारतीय सहकारी खतसंस्थांनी प्रत्येकी 25 टक्के आणि ओमानच्या सरकारी तेल कंपनीने 50 टक्के भागीदारी घेऊन खत कारखाना उभारला. 2005 पासून वर्षाला 16.52 लाख टन युरिया तिथून भारतात येऊ लागला. त्या वेळच्या 50 किलोच्या हिशेबाने सव्वातीन कोटींहून अधिक गोण्या. नळातून जो वायू आणता आला नाही, तो पांढऱ्या दाण्यांच्या रूपाने जहाजात सुटा भरून आला, बंदरावर गोण्यांत शिवला गेला आणि रेकने गावोगाव गेला. कारखान्याला मिळणाऱ्या वायूचा दर आणि भारताने घ्यायच्या युरियाचा दर, दोन्ही आधीच बांधलेले होते. जागतिक बाजार उसळला तेव्हा या कराराची खरी किंमत कळली.

तंत्रज्ञान दरम्यान थांबले नाही. रशियाहून तुर्कस्तानात काळ्या समुद्राखालून सव्वादोन किलोमीटर खोलीवर वाहिनी गेली. नॉर्वे ते ब्रिटन 1,166 किलोमीटरची वाहिनी 2006-07 मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ओमान-भारत मार्गाचाही एका खासगी कंपनीने नव्याने अभ्यास केला, दिवसाला 3.1 कोटी घनमीटर वायू आणण्याचा तो प्रस्ताव आहे. पण 26 सप्टेंबर 2022 रोजी बाल्टिक समुद्राखालच्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या स्फोटांनी फुटल्या आणि वाहिनी किती एकाकी असते ते जगाने पाहिले. जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवता येते, नळ वळवता येत नाही. अर्थात जहाजही निर्धास्त नाही. कतारची जहाजे होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडतात. ओमानचे सूर त्या सामुद्रधुनीच्या बाहेर, खुल्या समुद्रावर आहे.

2022 मध्येच वायू आणि युरिया दोन्ही कडाडले. 2022-23 मध्ये केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेले. गोणीचा दर बदलला नाही, म्हणून ती झळ शेतकऱ्याला थेट बसली नाही. टंचाईची झळ मात्र बसते, आणि टंचाईत युरियाबरोबर नको ती खते गळ्यात मारणारे ‘लिंकिंग’ही सोसावे लागते.

यातले थोडे आपल्या हातात आहे. हिंगोलीचे मुख्य पीक सोयाबीन आपल्या मुळांवरच्या गाठींत हवेतले नत्र स्वतःच बांधते. रायझोबियमची बीजप्रक्रिया केली की त्याला वरखताच्या युरियाची गरज सहसा उरत नाही. आठ-नऊ महिन्यांच्या हळदीला नत्र लागतेच, पण ते माती तपासून आणि हप्त्याहप्त्याने. उरलेले दिल्लीच्या हातात आहे. वाहिनी व्हावी की जहाजेच वाढवावीत, यावर जाणकारांत मतभेद राहतील. पण पुढचा करार कोणताही असो, खतासाठी लागणाऱ्या वायूचा वाटा आणि दर त्यात आधी बांधून घेतला पाहिजे. तीस वर्षांत ज्या एका कराराने शेतकऱ्याला खरेच काही दिले, त्याने हेच केले होते.