डोंगरवाटेचे पुस्तक कोणते घ्यावे?

माजलगावसारख्या तालुक्यातून गिर्यारोहणाच्या पुस्तकांवर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. इथला माणूस घर सोडतो तो हौसेने नाही, कोयता घेऊन सोडतो. सह्याद्री त्याला दिसलाच तर सातारा-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडातून, लांबून. परंतु त्याच ऊसतोड कामगाराचा मुलगा आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यात राहतो, रविवारी मित्रांबरोबर गडावर जातो आणि सुट्टीत गावी आला की आम्हाला विचारतो, 'वकीलसाहेब, कोणते पुस्तक घेऊ?' या प्रश्नाचे उत्तर चळवळीने दिले पाहिजे. कारण डोंगराची पुस्तके इतिहासही सांगतात आणि पुष्कळदा तो अर्धाच सांगतात.

आम्ही वकील आहोत. साक्षीदार कितीही सभ्य असो, त्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय आम्ही त्याचा शब्द धरत नाही. पुस्तकाचेही तसेच करावे. आवृत्ती कोणत्या सालची? घाटरस्ते आणि एसटीच्या वेळा दहा वर्षांत बदलतात. अंतर किलोमीटरमध्ये दिले आहे की चढाईच्या तासांत? डोंगरात तासच खरे. टाक्यात पाणी आहे एवढेच लिहिले आहे, की मार्च-एप्रिलनंतर ते राहते का हेही सांगितले आहे? कड्यावर दोर लागतो का, पावसाळ्यात वाट बंद होते का? नकाशात उत्तर दिशा दाखवली आहे का? मोबाइलवरच्या नकाशाने काम भागते असे पोरे म्हणतात. पण खोऱ्यात उतरले की रेंज जाते आणि छापलेला कागद तेवढा सोबत राहतो.

दुसरी तपासणी नावांची. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला हे प्रत्येक पुस्तक सांगते आणि ते सांगितलेच पाहिजे. पण त्याच डोंगराच्या कड्यात बौद्ध लेणी कोरलेली आहेत, त्याला किती ओळी मिळतात ते मोजा. लोहगड-विसापूरला पाने मिळतात, पायथ्याच्या भाजे लेण्याला परिच्छेद. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणून मोकळे होणारे पुस्तक तिथल्या भिंतीवरचे सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे शिलालेख वाचतच नाही. दगडावर कोरलेला दस्तऐवज समोर असताना ऐकीव गोष्ट ग्राह्य धरणारे पुस्तक विकत का घ्यावे?

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची, कारण ती पाण्याची आणि मुक्कामाची आहे. 'गावातल्या देवळात मुक्काम करता येईल, पाणी गावात मिळेल,' हे वाक्य अशा पुस्तकांत सर्रास आढळते. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल. पण त्याला गावात कोणी आडनाव विचारलेले नाही, हे त्या वाक्यातून कळते. आमच्या पोरांना मात्र आजही ते विचारले जाते.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर हात-पाय-तोंड धुतले आणि हौद बाटवला म्हणून एकच गदारोळ उठला. अखेर आत सोडले ते किल्ल्यातल्या पाण्याला कुठेही शिवायचे नाही या अटीवर, आणि पहाऱ्याला हत्यारी शिपाई देऊन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२)मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही नावे घेऊन भेदभावाला बंदी घालण्यात आली. ते शब्द कुठून आले हे आम्हाला वेगळे सांगायला नको. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने हा अनुच्छेद पाठ करावा.

आणि गंमत पाहा, याच डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचा न्याय वेगळा होता. कान्हेरीच्या लेखांत लेण्याबरोबर 'पोढी', म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत. ज्या पैठणहून उजव्या कालव्याने आमच्या माजलगाव धरणात पाणी येते, त्याच पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळाचे दान कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यात कोरलेले आहे. आपल्या मुलखाची ही ओळख किती मार्गदर्शक पुस्तकांत सापडते?

मग घ्यावे काय? वाटांसाठी आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा', किल्ल्यांसाठी प्र. के. घाणेकर यांचे 'साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची', इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी हरीश कापडिया यांचे 'ट्रेक द सह्याद्रीज'. ही मेहनतीची पुस्तके आहेत, ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या शेजारी वा. वि. मिराशी यांचे 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख' ठेवावे. ते चालणाऱ्यासाठी लिहिलेले नाही, जड आहे, पण भिंतीवर काय कोरले आहे ते त्यातून कळते. गो. नी. दांडेकरांचे 'दुर्गभ्रमणगाथा' रसाळ आहे. ते आठवणी म्हणून घरी वाचावे, वाट शोधायला नेऊ नये. एकट्याला एवढी पुस्तके परवडणार नाहीत. विहाराच्या वाचनालयाने ती घ्यावीत आणि पोरांना फिरवून द्यावीत.

एक उणीव तरीही राहते. आमच्या पाहण्यातील बहुतेक पुस्तकांचा रस्ता मुंबई किंवा पुण्याहून सुरू होतो. माजलगावहून तेलगाव, तिथून घाट चढून धारूरचा किल्ला, ही आमच्या बालाघाटातली वाट त्यांत कोण लिहिणार? २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता नवी पुस्तके निघतील, विकलीही जातील. ती दुसऱ्यांनी लिहायची आणि आपण फक्त तक्रार करायची, हे किती दिवस चालणार? तरुणांनो, वही घेऊन जा. कुठल्या महिन्यात टाक्यात पाणी होते ते लिहा, शिलालेखाचे छायाचित्र घ्या, कोणी पाणी दिले आणि कोणी आडनाव विचारले तेही लिहा. पुढच्या पिढीने विकत घ्यावे असे पुस्तक त्यातूनच तयार होईल.