१२० गिटारी आणि तुमचं दुसरं मशीन

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १२० हून जास्त गिटारी विकल्या. दोन कोटी डॉलरच्या वर रक्कम आली आणि ती त्यांनी पर्यावरणासाठी दान केली.

त्यातली काळी स्ट्रॅटोकास्टर १९७० साली दुकानातून घेतलेली. वर्षानुवर्षं स्टेजवर, रेकॉर्डिंगला वाजली. गरजेप्रमाणे तिचे पार्टही बदलले. गेली कितीला? ३९ लाख ७५ हजार डॉलर!

आता नीट बघा. इलेक्ट्रिक, अकूस्टिक, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची लॅप स्टील... प्रत्येकीचा आवाज वेगळा, म्हणून काम वेगळं. मात्र एवढी किंमत आली ती वाजवणाऱ्याच्या नावामुळे. आपलं मशीन विकायला काढलं, की पडत्या भावातच जातं.

म्हणून दुसरं शिलाई मशीन किंवा दुसरा ओव्हन घेण्याआधी स्वतःला विचारा: पहिल्याला जमत नाही असं कोणतं काम हे करणार? आणि त्या कामाची ऑर्डर हातात आहे का? नसेल तर थांबा. पैसा मशीनमध्ये अडकला की कच्चा माल उधारीवर आणावा लागतो, आणि तिथूनच धंद्याचं गाडं घसरतं.